कुंचीचा बंद

आरोग्य उपकेंद्रामागच्या त्या दोन खोल्यांत आमची सकाळ व्हायची ती उकळत्या पाण्याच्या आवाजानं. चहाचं पाणी नव्हे. एका चपट्या डब्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया बुडवून स्टोव्हवर ठेवलेल्या असत, आणि पाण्याला उकळी फुटली की काच काचेवर आपटून बारीक किणकिण सुरू व्हायची. माझ्या वरच्या नर्स लीलाबाई घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं तो डबा उकळायच्या. त्यानंतर त्याच स्टोव्हवर चहा. मी एकदा म्हटलं, "आज चहा आधी ठेवू या का? डोकं दुखतंय." तर मान वर न करता म्हणाल्या, "डोकं दुखून कोण मरत न्हाय बारके. सुई कच्ची ऱ्हायली की मरतंय." मला हसू आलं होतं. वीस वर्षांची होते, नर्सिंगचा कोर्स संपवून पहिलीच नेमणूक मिळालेली, आणि मरण हा शब्द तोपर्यंत मी पुस्तकातच वाचलेला.

गाव कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून थोडं आत. लीलाबाई तिथं बारा-तेरा वर्षं होत्या. गावानं आमची वाटणी करून टाकली होती, त्या मोठ्या बाई आणि मी बारक्या बाई. मोठ्या बाई उंच, हाडकुळ्या, आवाज पाटलासारखा. स्वयंपाक त्याच करत. नाचणीची भाकरी, पाट्यावर रगडलेला मिरचीचा खर्डा, वर कच्चं तेल. मला पहिले आठ दिवस डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या म्हणायच्या, "रड, रड. बाळंतिणी ओरडायला लागल्या म्हणजे रडायला वेळ मिळायचा न्हाय." संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर बसून त्या पायांना एरंडेल चोळत. दिवसाला तीन वाड्या पायांखाली घालणारे पाय होते ते, टाचा नांगरलेल्या रानासारख्या.

मंगळवारी गरोदर बायका तपासणीला यायच्या. वजन, रक्तदाब, खालची पापणी ओढून रक्त बघायचं, घोट्यावर अंगठा दाबून सूज बघायची, लोहाच्या गोळ्या मोजून द्यायच्या आणि त्या गोठ्यामागं टाकू नयेत म्हणून दम द्यायचा. बाळंत झाल्यावर आम्ही घरी जायचो. तिसऱ्या दिवशी, सातव्या-आठव्या दिवशी, मग पुढं. खांद्याच्या पिशवीत लटकता काटा असायचा, त्याला आकडा, आकड्याला कापडी झोळी. आणि ह्या कामात लीलाबाईंचा एकच नियम होता, जो त्या मला पहिल्या आठवड्यातच शंभर वेळा म्हणाल्या असतील. "उघडं केल्याबिगर बाळ बोलत न्हाय." अंगावर धागा ठेवायचा नाही. आधी स्वतःचे तळवे शेगडीवर शेकून घ्यायचे, मग कुंची, अंगडं, दुपटं, सगळं उतरवायचं आणि बाळ उजेडात न्यायचं. रंग, श्वास, नाळ, मांड्यांच्या घड्या, सगळं बघून झाल्यावर काटा. वजन शेवटी. त्या तसं करताना घरातल्या म्हाताऱ्या जे बोलायच्या ते सगळं मी इथं लिहीत नाही. थंडी लागंल, दृष्ट लागंल, हिला सोताचं प्वार न्हाय म्हणून दुसऱ्याचं उघडं करत्या. लीलाबाईंना खरंच मूल नव्हतं. त्या बाळाची बेंबी बघत म्हणायच्या, "व्हय, न्हाय मला. म्हणून तर तुमचं बघायला रिकामी हाय."

मला हे जमायचं नाही. तळवे शेकणं जमायचं, काटा वाचणं जमायचं, पण म्हातारीच्या तोंडाकडं बघत तिच्या नातवाची कुंची सोडणं जमायचं नाही. लोकांनी मला आवडून घ्यावं असं वाटायचं. आणि घेतही होते. "बारक्या बाईंनाच धाडा," असा निरोप यायला लागला होता, आणि तो निरोप लीलाबाईंच्या देखत आला की मला आतून बरं वाटायचं. हे लिहायला मला तीस वर्षं लागली. बाकीचं सगळं त्या बरं वाटण्यातून झालं.

सुनंदा माझ्याच वयाची. गावातल्या हौसाकाकूंची लेक, पेठ वडगावला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आलेली. मंगळवारी यायची तेव्हा माझ्याशी कोर्सबद्दल बोलायची, मेसमध्ये काय देतात, रात्रपाळीला भीती वाटते का, असलं. तिलाही शिकायचं होतं. बाळंतपण उपकेंद्रातच झालं, सरळ. मुलगा. दोन किलो आठशे. असा ओरडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि लीलाबाई म्हणाल्या, "वडगावला ऐकू गेलं असंल, आता तार करायला नको." तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. लीलाबाईंनी त्याला दारातल्या उन्हात नागवा केला, तो पुन्हा तसाच ओरडला. दोन किलो सहाशे. पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच. "आता आठ दिसांत चढाय लागंल," त्या हौसाकाकूंना म्हणाल्या, "आणि नाळंला काय लावायचं न्हाय. हळद न्हाय, राख न्हाय, काय न्हाय." काकूंनी मान डोलावली. काकू वाईट बाई नव्हत्या. त्यांचा जीव त्या मुलात असा अडकला होता की रात्री उठून त्याच्या नाकापुढं बोट धरायच्या, असं सुनंदाच सांगायची.

आठव्या दिवशी लीलाबाईंना मीटिंगला कोल्हापूरला जावं लागलं. जाताना दारातून म्हणाल्या, "हौसाबाईकडं जाऊन ये. उघडं कर." मी "हो" म्हटलं.

थंडीचे दिवस होते. गावाबाहेरचं गुऱ्हाळ चालू होतं आणि त्या गोड धुराचा वास अंगाला चिकटत होता. अजूनही कुठं काकवीचा वास आला की मी तिथून उठून जाते, घरातल्यांना वाटतं मला गूळ आवडत नाही. काकूंच्या अंगणात जीप उभी होती. वडगावची मंडळी बाळ बघायला आली होती. पुढच्या सोप्यात घोंगड्यावर सुनंदाचे सासरे, धिप्पाड, पांढरा फेटा, आणि बरोबर चार-पाच जण. "या बाई या," ते म्हणाले, "आमचा पैलवान बघायला आलासा न्हवं?" मी हसले आणि आत गेले.

बाळंतिणीची खोली अंधारी. खिडकीला गोधडीचा पडदा, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. आधी काहीच दिसेना. मग सुनंदा दिसली, भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या मांडीवर बाळ. त्याला पाहुण्यांसाठी नटवलं होतं. लोकरीचं अंगडं, वरून जरीकाठाची कुंची, हनुवटीखाली लाल बंद बांधलेला, दोन दुपटी. पायांत चांदीचे वाळे, हातांत बिंदल्या, सगळं सासरच्यांनी आणलेलं. चेहऱ्याचा वाटीएवढा भाग काय तो उघडा, आणि त्यावरही काजळाची तीट.

"लई गुणाचं हाय बघा," काकू म्हणाल्या. "कालधरनं रडलंच न्हाय. पावणं आल्यात म्हणून कळतंय जणू त्याला."

मला ते ऐकू आलं. ऐकू आलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण आलं होतं. नवजात बाळ रडायचं थांबलं की घाबरायचं असतं, हे आम्हाला कोर्समध्ये पाठ करून घेतलेलं. मी पिशवीतून काटा काढला, तो दाराच्या वरच्या खुंटीला अडकवला, तळवे शेगडीवर धरले.

सुनंदानं आपण होऊन कुंचीच्या बंदाला हात घातला. "काढतो की," ती म्हणाली, "बाईस्नी वजन करायचंय."

"अगं थांब," काकूंनी आवाज खाली आणला. दाराकडं बघत त्या माझ्याजवळ सरकल्या. "बाई, आत्ताच नटवलंय. पावणं भायेर बसल्यात, अजून कुणाच्या मांडीवर दिलेलं न्हाय. उघडं पडलं, सर्दी झाली, तर वडगावची माणसं मला काय म्हणत्याल? लोकाचं लेकरू हाय वो माझ्या घरात. माझं असतं तर दिलं असतं तुमच्या हातात."

लोकाचं लेकरू. आमच्याकडं माहेरच्या आजीला हेच ओझं असतं. लेक तिची, पण नातू दुसऱ्या घरचा, सव्वा महिना सांभाळून परत करायचा. काकूंच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. सुनंदाची बोटं गाठीत होती, गाठ अर्धी सुटलेली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "राहू दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग गाठ परत आवळली.

बाळ सगळ्या नटण्यासकट झोळीत घातलं. काटा थरथरून थांबला. दोन किलो नऊशे. लीलाबाई असत्या तर कपडे नंतर वेगळे तोलून वजा केले असते. मी मनातल्या मनात शंभर ग्रॅम वजा केले. का शंभर? काही नाही, बरा आकडा होता. दोन किलो आठशे. जन्माला होतं तेवढं झालं, म्हणजे चढलं. झोळीत ते हाललंही नाही.

"काय म्हणतोय काटा, बाई?" बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला.

मी दारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाढलंय. छान वाढलंय."

सोप्यात हशा पिकला. "आमच्या घराचं हाडच मोठं," सासरे म्हणाले, आणि काकूंकडं वळून, "इहिणबाई, राखलंसा हां लेकरू." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या हातात डिंकाच्या लाडवाची ताटली आली. मी दोन लाडू खाल्ले. निघताना पिशवी घ्यायला आत वाकले तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, "बाई, ह्यो पीत न्हाय नीट. आन् हाताला हलकं लागतंय."

"झोपाळू असतात गं ह्या दिवसांत," मी म्हटलं. "वजन वाढलंय म्हणजे पितोय की."

लीलाबाई शेवटच्या गाडीनं आल्या. पायांना तेल चोळता चोळता विचारलं, "उघडं केलतंस?"

"हो."

"नाळ?"

"पडली. कोरडी आहे."

हे मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. पहिलं खोटं बोलायचं ठरवलेलं होतं, दुसरं आपोआप त्याच्या मागून आलं.

दहाव्या दिवशी सकाळी डबा स्टोव्हवर किणकिणत असतानाच काकूंच्या शेजारची बाई पळत आली. लीलाबाईंनी स्टोव्ह तसाच सोडला. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. लीलाबाईंनी खिडकीची गोधडी ओढून काढली आणि त्या नियमाप्रमाणं, आता काही उपयोग नसताना, त्याला उघडं केलं. कुंची, अंगडं, दुपटं. अंग पिवळंधमक, मांड्यांची कातडी सैल, आणि बेंबीभोवती तळहाताएवढा लाल डाग, मध्ये राख आणि हळदीचा चिकट गोळा, त्याखाली पू. वास आला. लीलाबाईंनी बेंबीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग दुपटं वर ओढून घेतलं.

दुपारी वडगावची जीप परत आली. ह्या वेळी घोंगडं अंथरलं नव्हतं, सगळे अंगणात उभे. सुनंदा उंबऱ्याच्या आत बसलेली. सासऱ्यांच्या आवाजात रडणं होतं, ते त्यांना रागात फिरवावं लागत होतं. "परवा डोळ्यांनी बघून गेलो. बाईनं तोंडावर सांगितलं वाढलंय म्हणून. दोन दिसांत काय झालं त्याला? हिनं झोपंत अंगाखाली घेतलं. दुसरं काय?"

"नाळ पिकली होती," लीलाबाई म्हणाल्या. "विष अंगात भिनलं. अंगाखाली बिंगाखाली काय न्हाय."

"पिकली असती तर परवा बारक्या बाईला दिसली नसती व्हय?" ते माझ्याकडं वळले. "बाई, तुमी बघितलीसा न्हवं नाळ?"

सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं. काकू बघत होत्या, त्यांना माहीत होतं. सुनंदा बघत होती, तिलाही माहीत होतं. त्यांच्यापैकी कुणी बोललं असतं तर? काकू बोलल्या नाहीत, कारण उघडू न देणाऱ्या त्याच होत्या आणि राख लावणाऱ्याही त्याच. सुनंदाचा शब्द त्या अंगणात कोण ऐकणार होतं. राहिले मी.

"हो," मी म्हटलं. "चांगली होती."

लीलाबाई पुढं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांना मला सगळ्यांदेखत खोटं पाडावं लागलं असतं, आणि त्या दिवशी ते अंगण माझं काय करील हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. वडगावच्या माणसांनी वाळे आणि बिंदल्या रुमालात बांधून घेतल्या. सुनंदाला नेलं नाही. पुढंही कधी नेलं नाही.

त्या संध्याकाळी लीलाबाईंनी काटा खुंटीला अडकवला आणि एक किलोचा मिठाचा पुडा झोळीत घातला. काटा बरोबर एकावर थांबला. त्यांनी पुडा काढला, परत घातला, परत एक. मी भाकरीचं पीठ मळत होते. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी मीठ बरणीत ओतलं, काटा पुसून पिशवीत ठेवला आणि जेवायला बसल्या. त्यानंतर वर्षभर त्यांनी मला एकटीला कुठल्याही बाळंतिणीकडं पाठवलं नाही. त्या वारल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही तो काढला नाही.

पुढं मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. आशा कार्यकर्त्यांना शिकवायचं काम आलं तेव्हा माझं वर्गातलं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. पोरी मागं मला 'उघडं करा बाई' म्हणतात, मला ठाऊक आहे. आता काटे आकडे दाखवणारे आहेत, मोबाईलवर नोंद होते, पण कुंचीचा बंद अजून हातानंच सोडावा लागतो. कोल्हापूरच्या गुजरीत एकदा चांदीच्या दुकानात बाळाचे वाळे, बिंदल्या हातात घेऊन वजन विचारलं. घरी लोकरीचं अंगडं आणि दोन दुपटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सगळं मिळून पाव किलोपेक्षा किती तरी जास्त भरलं. मग मी बेरीज करायची थांबले.

सुनंदा मला कोल्हापुरातच, शाहूपुरीत दिसली. एका गल्लीत तिचं भाकरी केंद्र आहे, दोन चुली, दोन मदतनीस बायका. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पुढं निघून गेले. मग महिनाभर येता-जाता तिच्याकडून भाकरी बांधून घेत राहिले. तिनं ओळख दाखवली नाही, मीही नाही. काल, गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. थप थप थप, आणि त्या तालात मी सगळं सांगितलं. राहू दे म्हटलेलं, शंभर ग्रॅम, नाळ न बघता चांगली होती म्हटलेलं.

भाकरी तव्यात टाकून तिनं पाण्याचा हात फिरवला. "मला वळखू आलं न्हाय असं वाटलं व्हय तुमाला?" ती म्हणाली. "पयल्याच दिशी वळखलं. म्हटलं बघू, किती भाकऱ्या खाती ते."

तिनं चुलीचा जाळ कमी केला.

"मग किती होतं खरं?"

"काय?"

"वजन. त्या दिशीचं."

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी बघितलंच नाही."

तिनं भाकरी उलटली. "मी आईला म्हणालतो हलकं लागतंय म्हणून. माझ्या हाताला कळत होतं. पण तुमी मोठ्यानं बोललासा न्हवं. मग मला वाटलं आपल्याच हाताला काय कळंना झालंय." तिनं फडक्यानं हात पुसले. "पुढं आई पण तेच बोलाय लागली. मरंपर्यंत म्हणत होती, तू लई गाढ झोपायचीस गं. आन् मला बी तसंच वाटाय लागलं. आज पण रात्री कूस बदलायची भ्या वाटती. कुणी न्हाय शेजारी, तरी."

मला खाली बसावंसं वाटलं, पण तिनं बस म्हटलं नव्हतं.

"माझा भाऊ, भावजय, त्यांची पोरं, सगळी गावाकडंच हायती," ती म्हणाली. "त्यांच्या घरात अजून ह्येच चालतंय, आत्यानं लेकरू अंगाखाली घेतलं. पोरींच्या बाळंतपणाला मला बोलवत न्हाईत. रविवारी येशील तिथं?" ती आता मला अगं-तुगं करत होती. "त्याच अंगणात. पण हळू बोलायचं न्हाय. त्या दिशी जेवढ्या मोठ्यानं बोललीस, तेवढ्याच मोठ्यानं बोलायचं."

"हो," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. हा शब्द तिनं माझ्या तोंडून आधी ऐकला होता. मग तिनं माझ्या हातात दोन भाकऱ्या कागदात बांधून ठेवल्या आणि पुढचा गोळा हातात घेतला. भाकऱ्या तशाच आहेत, समोर ताटात. रविवार परवा आहे.